उघडमाळाला बेट म्हणायचं की नाही

"घाटनांदूर का नांदूरघाट?"

खोली बघायला गेले तेव्हा माझ्या मूळ गावाबद्दल घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. एकटीच राहणार का, पाहुणेरावळे किती येतात, यातलं काही नाही. मी नुकतीच त्या गावच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले होते. हातात ट्रंक होती आणि ऊन मी म्हणत होतं. वैतागून म्हटलं, "काय फरक पडतो काका?"

ते बाजेवरून उठलेच. "काय फरक पडतो? एक अंबाजोगाई तालुक्यात, दुसरं केज तालुक्यात. चुकीच्या एस्टीत बसून बोचक्यासकट भलत्याच गावात उतरलेल्या माणसाला इचारा फरक काय पडतो ते!"

"घाटनांदूर," मी म्हणाले.

"मंग असं नीट बोला की." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

त्या घरात मी साडेतीन वर्षं राहिले. घर धरणाच्या फुगवट्याच्या काठावरच्या एका गावात होतं. मालकांचा सगळा जन्म जमीन मोजणीच्या खात्यात गेला होता, म्हणून गाव त्यांना मोजणीवाले म्हणायचं. उंच, वाळके, पांढरी टोपी कपाळावर ओढलेली. चालताना ओठ हलायचे. मला आधी वाटलं नामस्मरण करतात. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सांगितलं, "कसलं नाव न् कसलं काय. पावलं मोजतेत. लग्नात सप्तपदीला सुद्धा मोजली असतील."

त्यांच्याजवळ एक लांबट वही होती. जिल्ह्यातल्या गावांची, वाड्यांची, वस्त्यांची नावं तिच्यात होती. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात लोक सांगतात ते कारण, तिसऱ्यात 'खरं का?' हा तिसरा रकाना बघण्यासारखा होता. जवळजवळ सगळीकडे एकच शेरा: माहीत नाही. दुसऱ्या कुणाला ती हार वाटली असती. त्यांना ती प्रामाणिकपणाची पावती वाटायची. जो माणूस 'माहीत नाही' म्हणत नाही त्याचा त्यांना भयंकर संताप यायचा.

एकदा बीडला जाताना मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. शेजारच्या प्रवाशानं सहज गप्पांत सांगितलं, मांजरानं सुंभ कुरतडला म्हणून मांजरसुंबा. मालक सीटवरून अर्धे उठले. "तू होतास का तिथं? मांजर बघितलंस? न्हाई ना? मंग ठावं न्हाई म्हण की. जीभ झडती का?" तो बिचारा पुढच्या सीटवर जाऊन बसला.

तिथंच एका ढाब्यानं नवी टूम काढली होती. सिमेंटच्या हौदात घुसवलेला ओटा, ओट्यावर टेबलं, आणि वर पाटी: आयलंड. आम्हाला भूक लागली होती. मी चप्पल सावरत ओट्यावर जायच्या फळीवर पाय ठेवला, तर मालक मागेच थांबलेले. त्यांनी हौदाभोवती एक चक्कर मारली आणि मॅनेजरला बोलावलं.

"तीन बाजूंनी पाणी हाय. चौथ्या बाजूला काय हाय?"

"भट्टी हाय काका. तंदुरीची."

"मंग हे बेट न्हाई. तिन्ही बाजूंनी पाणी म्हंजे द्वीपकल्प. पाटी बदला."

"द्वीपकल्पात जेवायला कोण येईल काका? बसा, दाल गरम हाय."

मालक बसले नाहीत. आम्ही समोरच्या गाड्यावर केळी खाल्ली आणि बीड येईपर्यंत मी द्वीपकल्पावर व्याख्यान ऐकलं. खिडकीतून बाहेर बघत मी हसू दाबत होते. हे सगळं पुढं इतकं अंगावर येईल असं तेव्हा कुठं वाटलं होतं?

आमच्या गावापासून दोन कोसांवर बेट नावाची वाडी होती. नावात बेट, पण पाण्याचा पत्ता नाही. एक नाला, तोही श्रावण सरला की कोरडा ठणठणीत. मालकांनी या नावाचा छडा लावला होता. तिथल्या एका म्हातारीनं सांगितलं होतं की तिच्या सासऱ्याच्या वेळी विहिरीपाशी कळकाचं, म्हणजे बांबूचं, मोठं बेट होतं. सगळं गाव तिथून काठ्या न्यायचं. निजामाच्या वेळच्या एका उर्दू कागदातही त्यांना त्या वाडीच्या नावामागे 'बांस' हा शब्द सापडला होता. वहीतल्या तिसऱ्या रकान्यात हे एकच गाव असं होतं, जिथं 'खरं' असं लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून.

"कळकाचं बेट," ते म्हणायचे. "पाण्याचं न्हाई. कळक गेला, नाव ऱ्हायलं."

आणि त्या कळकाच्या बेटाला पूल मिळाला. खोटं सांगत नाही. पाण्यानं वेढलेल्या वस्त्यांना पूल द्यायचे ठरले, तेव्हा कुणीतरी यादी काढताना नावावर बोट ठेवलं. बेट ना? मग पाणी असणारच. त्या वाडीत वजनदार पुढारी होते, त्यांनी हे कौतुकानं चालू दिलं. उद्घाटनाला मीही गेले होते. पाहुणे म्हणाले, "बेटावरच्या बांधवांचा वनवास आज संपला." मागून मालकांचा आवाज आला, "पाणी कुठंय? तेवढं दाखवा!" पुलाखाली दोन शेळ्या चरत होत्या. लोक हसले. मालकांना दोघांनी दंडाला धरून बाहेर नेलं, आणि ते जाता जाता ओरडत होते, "दाखवा की! पाणी दाखवा!"

आता उघडमाळ. धरण होण्याआधी तो खराच उघडा माळ होता, झाड ना झुडूप. खालचं गाव पाण्यात गेलं तेव्हा काही घरं सरकत सरकत या माळावर चढली आणि तिथंच राहिली. धरण भरलं की फुगवट्याचं पाणी माळाला चारी बाजूंनी वेढा घालतं. श्रावणभादव्यापासून ते पार फाल्गुनापर्यंत. मग पूर्वेच्या अंगाला एक वाट उघडी पडते, चारेक महिने. बाकी वर्षभर जायचं यायचं ते काहिलीतून. काहील म्हणजे गूळ शिजवायची मोठी पसरट कढई. दोन माणसं फळकुटांनी पाणी मागं लोटतात आणि काहील गरगरत पुढं जाते. दळण तिच्यातून, आजारी माणूस तिच्यातून. दिवाळीच्या आगेमागे वस्तीतली तरणी माणसं ऊसतोडीला निघतात, तीही तिच्यातूनच, आणि बैल पोहत.

मी लसीकरणाला पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा काहिलीत डोळे मिटून बसले होते. घरी येऊन मालकांना म्हणाले, "तुमच्या वहीत उघडमाळापुढं बेट लिहा."

ते वहीत बघत राहिले. "न्हाई. उन्हाळ्यात वाट असती. बेट म्हंजे बारमाही बेट."

"अहो, आठ महिने पाणी असतं!"

"आठ म्हंजे बारा न्हाई." आणि उठून आत गेले. दुसऱ्या कुठल्याही नावावर तासभर भांडणारा माणूस या एकाच नावावर तोंड मिटून घेत होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

त्या वर्षी धरण काठोकाठ भरलं होतं. आश्विनातली सकाळ. उघडमाळाच्या गयाच्या सासूचा फोन आला, कळा सुरू झाल्यात. गया माझ्याकडेच तपासायला यायची. चोवीस-पंचवीस वर्षांची, आधी एक मुलगी होती. मी तिला कितीदा बजावलं होतं, शेवटच्या महिन्यात आमच्या गावात येऊन रहा. "कुणाकडं राहू सिस्टर? आन म्हशीचं कोण बघंल?" ती हसून म्हणायची. दिवस अजून बाकी होते, हेही खरं.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. मालकांनी लुना काढली आणि मला काठावर नेलं. वारा सुटला होता. समोरून काहील निघालेली दिसत होती. गयाचा नवरा आणि दीर फळकुटं मारत होते, मध्ये गया, तिला धरून सासू. वाऱ्यानं काहील पुढं येण्याऐवजी आडवी जात होती. ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिली, ड्रायव्हरनं गाडीचं तोंड वळवून ठेवलं, आणि काहील अजून पाण्याच्या मध्येच. मी काठावरून ओरडून सांगत होते, गया, श्वास घे, जोर लावू नको. माझा आवाज तिच्यापर्यंत जात होता की नाही कुणास ठाऊक. तिचा मात्र येत होता.

काहील काठाला लागली तेव्हा बाळ आलेलं होतं. मुलगा. नाळेचा वेढा मानेला. मी तिथंच चिखलात गुडघ्यावर बसून जेवढं शिकले होते तेवढं सगळं केलं. तो रडला नाही.

सासूनं पदर तोंडात कोंबला. गया पांढरीफटक पडली होती. तिनं मला विचारलं नाही, तिला कळलं होतं. आम्ही तिला गाडीत घातलं. रक्त फार गेलं होतं, तरी ती वाचली. मालक सगळा वेळ लुना धरून उभे होते. गाडी गेल्यावर मी वळून बघितलं, तर त्यांची टोपी खाली चिखलात पडलेली आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

आठवड्यानं ते म्हणाले, "हापिसात जाऊन उघडमाळासाठी पूल मागू." मी रजा टाकून गेले. नर्स म्हणून माझंही सांगणं होतं. तिथले साहेब तरुण होते, बोलायला मऊ. चहा मागवला. आम्ही उघडमाळाचं नाव काढल्यावर त्यांनी फाइल आणवली, पानं उलटली आणि म्हणाले, "मॅडम, तुमची भावना समजते मला. पण माळावर पूल कशाला, असं वरून विचारतात. आणि जुना मोजणीचा शेराच आहे ना." त्यांनी वाचून दाखवलं. "'सदर वस्तीस पूर्वेकडून कोरडी पायवाट असून चहूबाजूंनी पाणी नाही. सबब या वस्तीस बेट म्हणता येत नाही.' या शेऱ्यामुळं वस्ती यादीतून वगळली गेली. आता तुम्हीच सांगा."

मालकांनी हात पुढं केला. कागद डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"सही माझी हाय," ते म्हणाले.

साहेबांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, तिचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मालक म्हणाले, "शेरा बदलायचाय." साहेब म्हणाले, "काका, रिटायर्ड माणसाला शेरा बदलता येत नाही."

परतीच्या एस्टीत मी त्यांच्याशी बोलणार नव्हते. मला त्यांचं तोंडही बघवत नव्हतं. मांजरसुंब्याच्या मांजरावरून दुसऱ्याला फाडून खाणारा हा माणूस! तेच बोलले, खिडकीकडे बघत. "वैशाखात गेलतो मी. वाट होती. त्या वाटंनं चालत गेलतो न् चालत आलतो. जे बघितलं ते लिवलं."

"आणि पावसाळ्यात का नाही गेलात?"

"मोजणी उन्हाळ्यातच असती. पावसाळ्यात मोजायची साखळी वढता येत न्हाई."

"म्हणजे पाणी आहे का हे पाणी नसताना बघायचं?"

 

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक गादी, एक कंदील, एक कोरी वही बांधली आणि काहिलीत बसून उघडमाळावर गेले. मी सोबत होते, गयाला तपासायचं होतं. ती दारात बसली होती. हापिसातल्या शेऱ्याची गोष्ट तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. मालकांना बघून उठली नाही.

"आता कावून आलात?"

"मोजायला."

"मोजा. बेट हाय का न्हाई ते तुमी ठरवत बसा. आमाला नुस्तं पल्याड जायाचं असतंय."

त्यांनी मान खाली घातली. तिच्या सासूनं शेळ्यांच्या छपराशेजारी त्यांना जागा दिली. दिवाळीनंतर गया आणि तिचा नवरा ऊसतोडीला कारखान्यावर गेले. पोटात लेकरू नाही, पाळण्यात नाही, तरी कोयता होताच. वस्तीवर म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरली. त्यांच्यात मालक राहिले. रोज सकाळी माळाच्या कडेकडेनं पूर्ण फेरा मारायचे. वहीत तिथी टाकून लिहायचे: आज चहूबाजूंनी पाणी. खाली वस्तीतल्या दोन माणसांचे अंगठे. मग त्या दिवसाची हकिगत. आज वाऱ्यामुळे काहील सुटली नाही. आज पोरं शाळेत गेली नाहीत. आज एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखलं, पलीकडे नेता आलं नाही, सांजेला बरं वाटलं.

काकू माझ्याबरोबर भाकरी पाठवायच्या. "जलमभर मोजणीला गेले, पर चार दिसात घरी यायचे," त्या म्हणाल्या. "ही मोजणी लांबली." एवढंच. माघारी या असा निरोप त्यांनी एकदाही दिला नाही.

फाल्गुन सरताना पाणी उतरलं. एके दिवशी मी गेले तर मालक पूर्वेच्या अंगाला चिखलात उभे. वहीत लिहीत होते: आज वाट उघडली.

मी म्हणाले, "हे पान ऑफिसात कशाला देता? तेवढंच धरून बसतील ते."

ते असे ओरडले की शेळ्या उठल्या. "अर्धं लिवल्यावर काय हुतं ते बघितलं न्हाई का तुमी?"

वही ऑफिसात गेली. नक्कल त्यांनी हातानं काढून ठेवली होती. मग दर सोमवारी ते तिथल्या बाकावर जाऊन बसायचे. वही हरवली म्हणाले, नक्कल दिली. साहेब मीटिंगला गेले म्हणाले, तरी बसून राहिले. ते दिसले की शिपाई पंखा बंद करायचा. उन्हाळाभर हे चाललं. अखेर कुणा वरच्या माणसाच्या हाती ती वही पडली असावी. भादव्यात इंजिनाची नाव आली. पूल नाही, नाव.

काठावर मांडव घातला. उघडमाळाच्या बाया काहिलीतूनच आल्या, नावेच्या कार्यक्रमाला. गयाही होती. तरुण साहेब छान बोलले. ज्येष्ठ नागरिकाच्या पाठपुराव्याचं कौतुक केलं, मालकांच्या खांद्यावर शाल घातली आणि दोन शब्द बोला म्हणून माइक दिला.

मालकांनी माइक घेतला. मग म्हणाले, "हे बेट न्हाई असं मी लिवलं होतं. माझी सही हाय. ह्या गयाबाईचं लेकरू माझ्या शेऱ्यापायी गेलं. दुसऱ्या कुनाचा दोष न्हाई."

साहेबांनी पुढं होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "काकांनी मोठ्या मनानं सांगितलं. जुन्या काळातली एक तांत्रिक चूक होती, ती आज दुरुस्त झाली." आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दोन-चार लोकांनी वाजवल्या पण.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार, त्याआधी गया उठली. माइक वगैरे तिला लागला नाही.

"मालक, तुमी चुकला ते मला ठावं हाय. मी तुमाला माफ केलेलं न्हाई. पर समदं अंगावर घिऊ नका. तुमी एकदाच आलता, वैशाखात. हे साहेब लोक दर साली येतेत, न् दर साली वैशाखातच येतेत. पाणी असताना ह्येंच्यातला एक तरी आला का? तुमी सगळा दोष घेतला की हे मोकळे झाले. ह्येंला मोकळं करू नका."

टाळ्या थांबल्या. मालकांनी शाल काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली. "बाई बरोबर बोलली," ते म्हणाले. "साहेब, पूल कधी?"

"काका, तो आजचा विषय नाही."

"मंग आमी बसतो," गया म्हणाली, आणि नाव ज्या दोरानं बांधली होती त्या दोरापुढं जमिनीवर बसली. सासू बसली. बाकीच्या बाया बसल्या. मालक खाली बसताना त्यांचा गुडघा वाजला, तो मला ऐकू आला. मग मीही बसले, सरकारी साडीतच. दुपार झाली, मांडवातली सावली सरकली, साहेबांनी तीनदा फोन केले. शेवटी त्यांनी कागद मागवला आणि लिहून दिलं, की पुलासाठी मोजणी याच आश्विनात, पाणी असताना, जागेवर येऊन करण्यात येईल.

मालकांनी कागद घेतला, वाचला आणि गयाकडे दिला. ती चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरावर बोट ठेवत ठेवत तिनं सगळं वाचलं. घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत खोचली.

"आले तर खरं," ती म्हणाली. मग तिनं दोर सोडला.